अंगठाबहाद्दर व्हायचंय? मग पीएचडी करा

घरात कुणी अंगठाबहाद्दर असेल तर त्याला नावं ठेवू नका. त्याच अंगठ्यावर तुमची पीएचडी व्हायची आहे. लोकांचे घामट ठसे कागदावर उमटवण्यात माझी नऊ वर्षं गेलीत, तेव्हा थोडं ऐकाच.

आधी गावात काय सांगायचं ते ठरवा. 'ठशांचं रसायनशास्त्र' म्हटलं की पारावरून विचारणा होते, "म्हणजे पोलिसात लागला का?" सरळ हो म्हणा. फेलोशिप पाच महिने थकलेली असली तरी सोयरिकीत भाव टिकतो.

मग निनहायड्रिन नावाच्या रसायनाला हात घाला. रूहमान नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं ते 1910 मध्ये बनवलं, आणि अमिनो आम्ल भेटलं की ते जांभळं होतं हेही पाहिलं. घामात अमिनो आम्लं असतात, म्हणजे कागदावरचे ठसे यानं सापडतील, हे मात्र स्वीडनमधल्या दोघांना सुचलं 1954 मध्ये. मधे 44 वर्षं गेली. तेव्हा गाईड "उद्या बघू" म्हणाले तर तोंड वाकडं करू नका.

जांभळा रंग नीट यायला ऊब लागते आणि दमट हवा. ऊब आपल्याकडे फुकट. दमट हवेसाठी बाहेरच्या लॅबमध्ये खास पेटी असते. एप्रिलात संभाजीनगरला असाल तर कूलर लावा. कूलरला पाणी लागतं, पाण्याला टँकर, म्हणून प्रयोगाचं वेळापत्रक टँकरवाल्याला विचारून आखा. हातमोजे संपलेले असणारच. बोटं जांभळी झाली की लोक विचारतील, "निवडणूक कधी झाली हो?" मतदानाच्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं आणि घामातल्या मिठाशी त्याची गाठ घालून पूर्वी ठसेही काढत, हे समजावत बसू नका. समोरचा चहा संपवून उठतो.

ठसे कुणाचे घ्यायचे? तळहाताच्या कातडीला घामाच्या ग्रंथी असतात, तेलाच्या नसतात. बोटाला तेल लागतं ते कपाळ, नाक, केस चाचपून. म्हणून ठसा देणाऱ्याला आधी कपाळावरून बोट फिरवायला लावायचं, म्हणजे ठसा असा झकास उठतो की परीक्षक खूश. होस्टेलमधलं खोबरेल चोपडलेलं पोरगं मिळालं तर सोडू नका. चोर काय कपाळ पुसून कुलूप तोडतो का, ही शंका व्हायवापर्यंत पोटात ठेवा.

रिसर्च पेपर काढायला वसमतला जा आणि किलोभर हळद आणा. बारीक पूड ठशावर भुरभुरली की चिकटते, अतिनील दिव्याखाली चमकतेही. पण शीर्षकात 'हळद' लिहाल तर मेलात. 'कर्क्युमिन' लिहा, पुढं 'नॅनो' जोडा. मैद्याच्या चाळणीतून चाळली होती हे कुणाला कळतंय!

पेपरवर पहिलं नाव गाईडचं येईल. त्याला परंपरा आहे. 1897 मध्ये कोलकात्यात ठशांचं कार्यालय उघडलं, वर्गीकरणाच्या किचकट भागात डोकी घातली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी, आणि जगभर पद्धत गाजली ती साहेबाच्या नावानं, 'हेन्री पद्धत'. तुम्ही तर अजून साधे स्कॉलर.

एवढं झालं की एखाद दिवस आईला घेऊन रेशनला जा. मी गेलो होतो. कापूस वेचून, भांडी घासून तिच्या अंगठ्यावरच्या रेघा गुळगुळीत झालेल्या. मशीन तीनदा नाही म्हणालं. रांगेतलं कुणीतरी बोललं, "मावशी, पोरगं ठशाचंच डॉक्टर हाय ना तुमचं?" आईनं माझ्याकडं पाहिलं. मी मशीनची काच रुमालानं पुसली. दुसरं काही सुचलं नाही.

दहावी नापास दुकानदार मापातून मान वर न करता म्हणाला, "मावशी, अंगठा जरा डोक्यावरच्या तेलात घासा बरं."

आईनं घासला. मशीन वाजलं, गहू मिळाले.

माझ्या प्रबंधात हीच पद्धत तिसऱ्या प्रकरणात आहे. 14 पानं, आकृत्यांसह.