कॉपी म्हणे!

सकाळी फॅमिली ग्रुपवर लेकीचा फोटो टाकला. टीव्हीसमोर बसून डिजिमॉन हे जुनं जपानी कार्टून बघतेय, तोंड उघडं, पोह्यांचा चमचा हवेत तसाच. त्यावर माझ्या सख्ख्या भावाने, वय वर्षं २८, लिहिलं, "अगं तिला ओरिजिनल तरी दाखव. हे पोकेमॉनचं डुप्लिकेट." खाली तीन हसणारे चेहरे. दोन मावश्यांनी अंगठे पण दिले. त्यांना यातलं काय कळतं देव जाणे.

डुप्लिकेट. तू म्हणतोस हे? तू?

बरं, हिशेबच करायचा तर करू. पोकेमॉनचा गेम फेब्रुवारी १९९६ चा, कार्टून एप्रिल १९९७ चं. बांदाई कंपनीने नोव्हेंबर १९९६ मध्ये तामागोची काढलं होतं, ते अंड्यातून बाहेर येणारं, वेळेवर खायला घालावं लागणारं, शी साफ करावी लागणारं. ते मुलींमध्ये जास्त चाललं, म्हणून मुलग्यांसाठी जून १९९७ मध्ये त्याचं मारामारी करणारं भावंड काढलं. दोन यंत्रं एकमेकांना जोडायची आणि झुंज लावायची. ते डिजिमॉन. म्हणजे खानदान तामागोचीचं, आणि नावात 'मॉन' आहे म्हणून जगाने पोकेमॉनच्या दारात नेऊन बसवलं. मालिका मार्च १९९९ मध्ये सुरू झाली तेव्हा पोकेमॉनची हवा होती आणि ती मालिका बनवणाऱ्या तोएई स्टुडिओवाल्यांना दिसत नव्हती असं काही नाही. मान्य. पुढे.

मला पोकेमॉनचा राग नाही. चिप्सच्या पुड्यातले टाझो आजही आईकडे बिस्किटांच्या डब्यात आहेत. पण तिथे चेंडू फेकून प्राणी पकडायचे असतात. इथे सात पोरं १ ऑगस्टला शिबिराला जातात, भर उन्हाळ्यात बर्फ पडतो, भलत्याच जगात जाऊन पडतात, आणि त्यांच्यातला हिरो डोळे उघडतो तर छातीवर एक गुलाबी गोळा बसलेला, त्याचा डिजिमॉन. म्हणतो, मी तुझीच वाट बघत होतो. संपलं! कसला चेंडू नि कसलं पकडणं.

आता खरं सांगते मी का चिडले.

या मालिकेच्या हिरोचं इंग्रजीतलं नाव टी-ए-आय. टाय. पण आम्ही स्पेलिंग वाचलं आणि घरात त्याचा कायमचा 'ताई' झाला. धाकटा ओरडायचा, "ताई, लवकर ये, तुझं लागलंय!" मी पोळ्या लाटायच्या सोडून पळायचे. लोडशेडिंगने अर्धे एपिसोड खाल्ले ते वेगळंच.

त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. मी दहाची, तो पाचाचा. त्याला कणकण होती. आई बँकेत जाताना बजावून गेली होती, याला बाहेर काढू नकोस. आणि पाऊस आला. मोसमातला पहिला. मी त्याला गच्चीवर नेलं, पिवळा प्लास्टिकचा बॉल घेऊन. तासभर खेळलो असू. रात्री तापाने फणफणला. न्यूमोनिया. चार दिवस सलाईन. हॉस्पिटलच्या जिन्यात आईने मला एक ठेवून दिली. ती दुखली नाही, तिच्यानंतर आई स्वतःच पायरीवर बसून रडली, ते दुखलं.

आणि मग टीव्हीवर तो भाग. अठ्ठेचाळिसावा, हे आता परत बघताना कळलं. ताईची धाकटी बहीण कारी तापाने पडलीये आणि तो सांगतोय की लहानपणी ती आजारी असताना मी तिला फुटबॉल खेळायला बाहेर नेलं होतं, ती मरता मरता वाचली, आईने मला थोबाडीत मारली. आणि घरी आल्यावर ती मलाच सॉरी म्हणाली, मला बॉल नीट मारता आला नाही म्हणून.

मी तेरा वर्षांची होते. उठून मोरीत गेले आणि नळ सोडला. धाकटा बाहेरून म्हणतोय, ताई, बघ ना, तुझंच चाललंय.

हे डुप्लिकेट?

एकविसाव्या भागात तोच ताई थोड्या वेळासाठी घरी परततो. तोच १ ऑगस्ट, तेच रिकामं घर, सर्दी झालेली बहीण. बराच वेळ काही घडतच नाही, नुसता उकाडा. तो भाग दिग्दर्शक मामोरू होसोदाचा. पुढे याच माणसाच्या 'मिराई' सिनेमाला ऑस्करचं नामांकन मिळालं, त्यातही एक लहान भाऊ आणि बहीणच आहे. त्या सात पोरांतल्या मॅट आणि टीके या भावांचे आईवडील वेगळे झालेत, एक भाऊ बाबांकडे, एक आईकडे. त्यांच्यातल्याच इझीने दाराआडून ऐकलंय की आपल्याला दत्तक घेतलंय. मुलांच्या कार्टूनमध्ये हे कोण दाखवत होतं तेव्हा? आणि ताई मुद्दाम जीव धोक्यात घालून आपल्या डिजिमॉनला, अगुमॉनला, जबरदस्तीने मोठं करतो तेव्हा जे निघतं तो हाडांचा सापळा असतो, आपलं-परकं न ओळखणारा. आठवीपासून आयआयटीच्या क्लासला घालणाऱ्या आईबापांना हा भाग फी भरायच्या आधी दाखवावा.

हो, चित्रं गरीब आहेत. डिजिमॉन मोठे होतात ते रूपांतर तसंच्या तसं दर भागात, लेकसुद्धा आता तेवढ्यात पाणी पिऊन येते. ५४ भागांतले दहा तरी उगाच आहेत. असूदेत.

लिहिता लिहिता राग उतरला खरं तर. त्याला आठवत नाही, पाच वर्षांचा होता. हॉस्पिटलमधून आल्यावर, मनगटाला पट्टी असताना त्याने सॉरी वगैरे काही म्हटलं नाही, एवढंच विचारलं, "बॉल कुठंय?" मी म्हटलं, माहीत नाही. मी तो घंटागाडीत टाकला होता. आजवर सांगितलं नव्हतं. आता सगळ्यांनाच कळलं.

ता. क. पोस्ट टाकायच्या आधी त्याला पाठवली, उगाच नंतर तोंड फुगवायला नको. पाच मिनिटांनी उत्तर आलं. "पिवळा नव्हता, लाल होता. पिवळा तू शेजारच्यांच्या टाकीत मारलेलास. आणि टाकलास कशाला, माझा होता तो."