'अर्धीच टाकी भरा' हा सल्ला पाळू नका

पारा चाळिशीपार गेला की इंडियन ऑइलच्या नावाने एक मेसेज फिरू लागतो: टाकी फुल करू नका, स्फोट होईल, अर्धीच भरा, आणि दिवसातून एकदा झाकण उघडून आतला गॅस सोडून द्या. हा इशारा आपला नाही, गाडीच्या कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत टाकी कुठल्याही ऋतूत भरता येते, असा खुलासा इंडियन ऑइलने केलेला आहे. तरी मेसेज थांबत नाही.

'उन्हाने स्फोट होतो.' ठिणगीशिवाय पेट्रोल पेटायला साधारण 250 अंशांच्या आसपास तरी तापमान लागतं. चंद्रपूरच्या 47 अंशांत ते होत नाही. पेट्रोल फुगतं हे खरं, पण 40 लिटर पेट्रोल 10 अंशांनी तापलं तरी वाढ 400 मिलीच्या आतच. तेवढी जागा टाकीत मुद्दाम सोडलेली असते.

'अर्धीच भरा.' टाकी जितकी रिकामी, तितकी वाफेला जागा जास्त. पाळायचं ते वेगळंच आहे: नोझल खट्कन बंद पडलं की राउंड फिगरसाठी आणखी भरू देऊ नका. जादा पेट्रोल वाफेच्या वाटेने कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये, म्हणजे टाकीतली वाफ शोषणाऱ्या डब्यात, शिरतं आणि तो निकामी होतो.

'रोज झाकण उघडा.' हा सगळ्यात घातक सल्ला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. बेसमेंट पार्किंगमध्ये ती जमिनीलगत साचते आणि मग एक ठिणगी पुरते. टाकीतली वाफ बाहेर सोडायची गरजच नसते. कॅनिस्टरमधला कोळसा ती शोषतो, इंजिन चालू असताना कॅनिस्टर आणि इंजिन यांच्यामधली झडप, म्हणजे पर्ज व्हॉल्व्ह, उघडतो आणि ती इंजिनात जळून जाते.

म्हणूनच उभ्या गाडीजवळ पेट्रोलचा वास येत राहिला, तर कुठेतरी गळती आहे असं समजा. आधी झाकणाची रबरी रिंग बोटाने चाचपा. कडक झालेली किंवा भेगाळलेली असेल तर झाकणच बदला, हा सगळ्यात स्वस्त उपाय. मग भरण्याच्या तोंडापासून टाकीपर्यंतचा रबरी पाइप आणि त्याच्या क्लिपा. पर्ज व्हॉल्व्ह मेकॅनिककडून काढून घ्या: वायर काढलेली असताना त्यातून हवा आरपार गेली, तर तो बाद. एवढ्यानेही सापडलं नाही तर स्मोक टेस्ट करून घ्या. पाइपांत अगदी कमी दाबाने धूर सोडतात, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्रातूनही त्याची रेघ दिसते. गाडीखाली ओलं पेट्रोल दिसलं तर मात्र स्टार्टर मारू नका, गाडी टो करून न्या.