‘काडतूस बसलं की चालतं’: स्पॅनिश दुनळीबद्दलच्या त्या संदेशाला उत्तर

गेल्या रविवारी मामांचा फोन आला. “अरे, आपली बंदूक ‘आसेरो’ मॉडेलची निघाली. ग्रुपवर आलंय. आणि तीन इंची काडतुसंसुद्धा चालतात म्हणे तिला. तुझ्या ओळखीच्या दुकानात मिळतील काय बघ.”

मामा बहात्तर वर्षांचे. बंदूक आजोबांची, म्हणजे आबांची, वारसाने मामांच्या नावावर आलेली. डुकरं उसात शिरली तर एखादा बार काढायचा, एरवी वर्षातून दोनदा तेल लावून कपाटात ठेवायची. त्यांना तीन इंची काडतुसं मागायला लावणारा हा संदेश मला आधीच दोन ठिकाणांहून आला होता आणि मी तो न वाचता पुसला होता. मामांपर्यंत पोहोचला म्हटल्यावर बसून नीट वाचला आणि डोकं फिरलं.

‘जुनी स्पॅनिश दुनळी ओळखा पाच खुणांवरून’ असं त्याचं नाव. खुणा अशा: नळीवर ‘एइबार’ असेल तर ती कंपनी आणि ‘आसेरो’ असेल तर ते मॉडेल. सिरीयल नंबरच्या पहिल्या दोन आकड्यांवरून साल कळतं. बाजूला कोरीव पत्रे असले की ती साइडलॉक, म्हणजे लाखमोलाची. सगळ्या स्पॅनिश दुनळ्या एकाच इंग्रजी बंदुकीच्या नकला, म्हणून भाग एकमेकींना बसतात. आणि पाचवी, १२ बोअर लिहिलं असेल तर कुठलंही १२ बोअरचं काडतूस वापरा, “काडतूस बसलं की चालतं.”

पाचवीपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या चुकांनी पैसे जातील, हिने बोटं जातील.

१२ बोअर हे नळीच्या व्यासाचं माप आहे. काडतूस ज्या घरात बसतं त्या चेंबरची लांबी ही वेगळीच गोष्ट. ती ६५ मिलिमीटर असते, ७० असते, ७६ असते. तीन इंची म्हणजे ७६. जुन्या स्पॅनिश दुनळ्यांत ६५ चं चेंबर सर्रास सापडतं. आता खरी मेख अशी की काडतुसाच्या डब्यावर छापलेली लांबी उडवलेल्या काडतुसाची असते, तोंड पूर्ण उघडल्यानंतरची. न उडवलेल्या काडतुसाचं तोंड दुमडून बंद केलेलं असतं, त्यामुळे ते बरंच आखूड दिसतं. ७० चं काडतूस हातात घेऊन पट्टी लावा, साठच्या आतच भरेल. ७६ चंसुद्धा ६५ च्या चेंबरमध्ये बऱ्याचदा गुपचूप जाऊन बसतं. बंदूक मिटते, काही अडत नाही. म्हणजे ‘बसलं’ याला काडीचा अर्थ नाही.

बार उडाला की ते दुमडलेलं तोंड उघडून पुढे पसरायला जातं. चेंबर संपतं तिथून नळी निमुळती होत जाते. नेमक्या त्या अरुंद जागेत उघडलेली कड शिरते आणि छऱ्याची वाटच आवळली जाते. दाब वाढतो. त्यातून तीन इंची मॅग्नम काडतूस मुळातच जास्त दाबाचं. बंदुका-काडतुसांच्या चाचणीचे नियम ठरवणारी सीआयपी ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे, स्पेन तिचा सदस्य आहे. तिच्या नियमांत साध्या १२ बोअर काडतुसाची दाबाची मर्यादा ७४० बार आहे (इथे ‘बार’ हे दाबाचं एकक), जास्त दाबाच्या काडतुसांची १०५०. साध्या काडतुसासाठी तपासलेल्या, सत्तर वर्षं जुन्या नळीत दुसऱ्या, जास्त दाबाच्या प्रकारातलं काडतूस घालायचं आणि वर आवळलेली वाट! पहिल्या बाराला बहुधा काहीच होत नाही, म्हणूनच माणसाला भरवसा वाटतो. मग बिजागरी ढिली पडते, नळ्या आणि त्यांच्या मागची चौकट यांच्यात फट दिसायला लागते, आणि एक दिवस नळी फाटते. डावा हात तेव्हा नेमका नळीखाली असतो.

यात एक अर्धसत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. काही हलकी ६७ किंवा ७० मिलिमीटरची काडतुसं ६५ च्या चेंबरसाठी बनवलेली असतात आणि तसं त्यांच्या डब्यावर स्पष्ट छापलेलं असतं. छापलं असेल तर चालेल. पण तो कारखान्याने मोजून दिलेला शब्द आहे, ग्रुपवरच्या काकांचा नव्हे.

आता ‘आसेरो’. स्पॅनिशमध्ये आसेरो म्हणजे पोलाद. बस्स. नळी पोलादाची आहे एवढंच तो शब्द सांगतो. आपल्या ताटामागे ‘स्टेनलेस स्टील’ कोरलेलं असतं, ते काय ताटाचं मॉडेल झालं? आणि एइबार ही कंपनी नाही, ते गाव आहे. उत्तर स्पेनमध्ये, बास्क प्रांतातल्या गिपुस्कोआत, डोंगराच्या खोबणीत वसलेलं बंदूककारांचं गाव. कोल्हापुरी चपलेवर ‘कोल्हापूर’ असतं तसं. तिथे लहानमोठे कितीतरी कारखाने होते. व्हिक्टर सारास्केता तिथलेच, उगार्तेचेआ तिथलेच, १९१५ चं आगिर्रे इ आरांसाबाल, म्हणजेच एवायए, तेही तिथलंच. एकाने नळ्या करायच्या, दुसऱ्याने कुलपं (म्हणजे बार उडवणारी यंत्रणा), तिसऱ्याने नक्षी, अशी वाटणी चालायची आणि शेवटी नाव विकणाऱ्याचं पडायचं. परदेशी आयातदार आपलंच नाव घालून घ्यायचे. त्यामुळे कित्येक दुनळ्यांना मॉडेलच नसतं! मामांच्या जुन्या परवान्यात मेकच्या रकान्यात कुणीतरी ‘एइबार’ लिहून ठेवलंय. या संदेशावर मामांचा विश्वास बसला तो त्यामुळे.

सालाचं तर फारच सोपं आहे, म्हणून जास्त राग येतो. सिरीयल नंबर प्रत्येक कारखान्याचा आपापला, त्यातून साल निघत नाही. साल सांगतं एइबारचं सरकारी चाचणीगृह. तिथे १९२७ पासून तपासलेल्या बंदुकीवर वर्षाचं अक्षर ठोकलं जातं. ए म्हणजे १९२७, बी म्हणजे १९२८, असं झेडपर्यंत १९५४, मग पुन्हा ए १ म्हणजे १९५५. इंग्रजी बाराखडीने मोजायला गेलात तर मात्र चुकाल. जुन्या स्पॅनिश वर्णमालेत सीएच, डबल एल आणि डोक्यावर लाट असलेला एन ही स्वतंत्र अक्षरं आहेत, आणि या यादीत डब्ल्यू नाही. १९३० चं अक्षर डी नव्हे, सीएच. यादी अशी अठ्ठावीस अक्षरांची होते तेव्हाच झेड १९५४ वर येतो. पूर्ण संदेशात या अक्षरांचा उल्लेखसुद्धा नाही.

पत्र्यांबद्दल थोडं खरं आहे. साइडलॉकचं कुलूप बाजूच्या पत्र्यावरच बसवलेलं असतं आणि ती घडवायला जास्त मेहनत, म्हणून किंमत जास्त. पण साध्या बॉक्सलॉकला, म्हणजे कुलूप मधल्या चौकटीतच असलेल्या बंदुकीला, शोभेचे पत्रे लावून विकायची पद्धतही जुनीच. पत्र्यावर आतल्या भागांच्या पिनांची टोकं दिसतात का ते पाहा. नुसता एखाददुसरा स्क्रू आणि बाकी सपाट नक्षी असेल तर ती बहुतेक शोभा. भाग एकमेकींना बसण्याबद्दल काय बोलणार, हाताने घासून जुळवलेल्या बंदुका आहेत त्या.

बुधवारी गावी गेलो. मामांनीच कुलूप काढून बंदूक बाहेर आणली, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ते मला दाखवलं, पुढचा लाकडी तुकडा काढला आणि नळ्या उतरवून जुन्या धोतराच्या फडक्यावर पालथ्या ठेवल्या. मॉडेल शोधायचं तर इथे, नळ्यांच्या पोटाला, जिथे लाकूड झाकून टाकतं. तेलाचा काळा थर पुसला तसे शिक्के वर आले. बनवणाऱ्याची दोन आद्याक्षरं, चाचणीगृहाच्या खुणा, ए आणि शेजारी १. म्हणजे १९५५. त्याच्या खाली १२, आणि त्याला लागून ६५.

मामांनी चष्मा कपाळावर सरकवून तो आकडा दोनदा वाचला. “आबांनी कधी लांब काडतूस आणलंच नाही बघ,” म्हणाले. कपाटातला आबांचा जुना रिकामा डबा काढला, त्यावरही ६५ च होतं.

चेंबर मधल्या काळात कुणी कोरून वाढवलंय का, हे शिक्क्यावरून कळत नाही, ते गेज घालूनच मोजावं लागतं. म्हणून पुढच्या आठवड्यात बंदूक परवानाधारक कारागिराकडे न्यायची ठरली आहे. तोपर्यंत ती कपाटात. तीन इंची काडतुसांची मागणी मामांनी स्वतःच मागे घेतली, आणि ग्रुपवर त्या ६५ च्या शिक्क्याचा फोटो टाकला आहे.