कट्ट्यावरचे संरक्षणतज्ज्ञ व्हायचंय?

परवा सोसायटीच्या कट्ट्यावर भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया या चौघांच्या 'क्वाड' गटाचा विषय निघाला आणि माझ्याकडून एक आगाऊपणा झाला. "क्वाड आहे ना, चीनची काय बिशाद!" यावर सगळे माना डोलवत असताना मी विचारलं, "काका, असं कुठल्या कलमात लिहिलंय?" पाच मिनिटांत मी चीनधार्जिणा ठरलो. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून चार युक्तीच्या गोष्टी.

क्वाडला न चुकता 'आशियाची नाटो' म्हणा. नाटोकडे करार आहे, मुख्यालय आहे, एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा असं सांगणारं पाचवं कलम आहे. क्वाडकडे तीन पंतप्रधान आणि एका राष्ट्राध्यक्षांचा हसरा फोटो आहे. पुरे की!

२००८ चा विषय निघाला तर चहा मागवा. चिनी परराष्ट्रमंत्री शेजारी उभे असताना ऑस्ट्रेलियाने अंग काढून घेतलं आणि २०१७ पर्यंत क्वाड निजला, हे कशाला उगाळायचं?

स्क्वाड, ऑकस, आयटूयूटू ही नावं एका दमात म्हणा. त्यात कोणते देश, हे विचारायची कुणाची छाती होत नाही.

मित्रदेश शब्दाला जागतात, हे ठासून सांगा. दाखला ऑस्ट्रेलिया-ब्रिटन-अमेरिकेच्या ऑकसचाच घ्या. माझगाव डॉकमधल्या आपल्या स्कॉर्पीन पाणबुड्या ज्या फ्रेंच कंपनीच्या आराखड्यावर झाल्या, तिच्याचकडून ऑस्ट्रेलिया १२ पाणबुड्या घेणार होता. २०१६ ला निवड झाली, खर्च ९० अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या घरात गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिका-ब्रिटनशी अणुपाणबुड्यांचं जमलं आणि फ्रान्सला नारळ! तोही नाटोतल्या दोस्तांच्या साथीने! फ्रान्सने अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातले राजदूत माघारी बोलावले, परराष्ट्रमंत्री 'पाठीत वार' म्हणाले. (आपल्याकडे खंजीर असतो, तिकडे पाणबुडी.) शेवटी ५५ कोटी ५० लाख युरोंवर तोडपाणी झालं. सख्ख्या दोस्ताची ही गत, आणि आपण कोणाच्या भरवशावर मिशीला पीळ देतोय?

गलवानमध्ये जून २०२० ला आपले २० जवान गेले, तेव्हा कुठल्या क्वाडची फौज आली होती हो? या देशांच्या नौदलांचा मलबार सराव होतो, त्यात ऑस्ट्रेलियाही परत आलाय, चांगलंच आहे. नौदलांना एकमेकांची सवय होते. पण तुमच्यासाठी लढायला येऊ असं त्यातल्या एकानेही लिहून दिलेलं नाही. हे वाचायला दहा मिनिटं लागतात. तुम्हाला दिवसाला चाळीस फॉरवर्ड ढकलायला वेळ आहे, एक पान वाचायला नाही. वर दुसऱ्याची देशभक्ती मोजता! ते कलम सापडलं तर ग्रुपवर टाका, काका. तोवर मला चीनधार्जिणा म्हणायचं नाही.