बोन्साय विकत घेऊ नका, खोड घ्या

मी सव्वा महिना एका मेलेल्या झाडाला पाणी घातलंय. रोज सकाळी, चहाच्याही आधी, फवाऱ्याने.

२०१७ची गोष्ट. ऑनलाइन मागवलेला जुनिपर, म्हणजे थंड प्रदेशातलं एक सदाहरित झाड. निळी चिनीमातीची कुंडी, वर पांढरे खडे आणि सोबत गुळगुळीत कार्ड: 'घरात ठेवण्याचा बोन्साय. उन्हाची गरज नाही.' अठराशे रुपये. टीव्हीशेजारी ठेवला. हिरवागार दिसायचा, आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचो. एक दिवस धूळ पुसताना हात लागला आणि अख्ख्या फांदीचा बोटांत चुरा झाला. जुनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवा राहतो, हे मला नंतर कळलं. खोक्यातून निघाला तेव्हाच गेलेला होता की आमच्या घरी येऊन गेला, देव जाणे. विकणाऱ्याला फोन केला तर उत्तर ठरलेलं: "सर, पाणी जास्त झालं असेल."

तेव्हापासून माझं एक मत झालंय. लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कोणी विचारो न विचारो, मी ते ऐकवतोच. मुंबईत बोन्साय विकत घेऊ नका. खोड विकत घ्या, म्हणजे जाड बुंध्याचं साधं झाड, बोन्साय त्याचा आपण घडवायचा.

जुनिपरचा दोष नाही हो. त्याला हिवाळ्यात थंडीतली झोप हवीच असते. टोकियोत १९२३चा भूकंप झाल्यावर तिथले बोन्सायवाले उठून जवळच्या ओमियाला गेले आणि तिथे बोन्सायचं गावच वसलं. त्या ओमियात हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याखाली उतरतो. आमच्या भांडुपला जानेवारीत फार तर पंखा एकवर येतो. पाइन, जपानी मेपल यांचंही तेच. आणि ते 'निळ्या मेपलचं बियाणं' ऑनलाइन मागवू नका, हात जोडतो. निळ्या पानांचा मेपल जगात कुठेच नाही, आणि बोन्सायचं वेगळं बीही नसतं. साध्या झाडाचंच बी असतं, ते पाकिटात घातलं की महाग होतं.

दुसरा प्रकार मॉलमध्ये दिसतो. रताळ्यासारखी फुगलेली मुळं आणि वर छत्रीसारखी पानं. त्याला जिनसेंग फिकस म्हणतात. मुळं एका रोपाची, डोक्यावरची बारीक पानं दुसऱ्या जातीची कलम केलेली, चीनमध्ये हजारोंनी तयार होणारा माल. झाड चिवट आहे, सहसा मरत नाही. पण दहा वर्षं ठेवलंत तरी ते रताळंच राहणार. गंमत म्हणजे हा फिकस वडाच्या कुळातला, आपल्या नांदरुकाचाच भाऊबंद. नांदरुक आपल्या रस्त्यांच्या कडेला उभा आहे, त्याच्याखाली पानाची टपरी आहे, आणि आपण त्याच्या चिनी चुलतभावासाठी दीड-दोन हजार मोजतो. एक खूण सांगतो: वरचे खडे गोंदाने चिकटवलेले असतील तर तिथूनच मागे फिरा. खाली काय दडलंय ते तुम्हाला दिसू नये म्हणूनच ते चिकटवलेले असतात, आणि पाणीही नीट आत जात नाही.

मग घ्यायचं काय आणि कुठे?

नर्सरीत जा. आरे कॉलनीच्या रस्त्यावर, घोडबंदर रोडला, जमेल तिथे. पण पुढे मांडलेल्या टवटवीत कुंड्यांकडे बघू नका. आंध्रातल्या कडियमहून ट्रक भरभरून रोपं देशभर जातात, त्यातलीच ही बरीचशी, सगळी एका मापाची. तुम्ही सरळ मागे जा. शेडच्या मागे, जिथे फुटक्या कुंड्या, रिकामी पोती आणि झोपलेलं कुत्रं असतं. तिथे न विकलेली, विसरलेली झाडं काळ्या पिशव्यांत उभी असतात. पिशवी फाटून मुळं जमिनीत उतरलेली असतात. हेच आपल्याला हवंय. मूळ जमिनीत गेलं की बुंधा झपाट्याने जाड होतो. कुंडीत दहा वर्षांत जेवढा होणार नाही तेवढा तिथे तीन-चार वर्षांत होतो.

माझी बोगनवेल अशीच मिळाली. घोडबंदरला एका शेडमागे, मनगटाएवढा बुंधा, वर नुसता काट्यांचा गुंता. भैया म्हणाला, "साब, वो तो कचरा है, बोन्साय चाहिए तो आगे आओ." पुढच्या तांब्याच्या रंगाच्या कुंडीतल्याला पाच हजार सांगितले. 'कचऱ्या'ला साडेतीनशे. मी खुरपीने बुंध्याजवळची माती दोन बोटं उकरली. हे कराच, आणि विकणाऱ्याला विचारून करा. मुळं चहूकडे पसरत गेलेली दिसली पाहिजेत. एकाच बाजूला मूळ असेल, किंवा मुळांनी बुंध्याला फास घातला असेल तर ती खोड पुढे आयुष्यभर छळते. (इथे खोड म्हणजे वाईट सवय. आपली भाषाही अवघडच.) मग खोडाचा उतार बघायचा, खाली जाड आणि वर निमुळतं. फांद्या नंतर आणता येतात, बोगनवेल तर नुसत्या ओंडक्यालाही फुटते. पण खाली-वर सारखं असलेलं दांडकं असेल, तर मोठी छाटणी करून वर नवा शेंडा वाढवण्यात वर्षं जातात. आणि खोड हलवून बघा. लटलट हललं तर कालच कुंडीत खोचलंय, मुळं धरलेली नाहीत.

रिक्षाने ठाणे स्टेशन, तिथून सामानाच्या डब्याने भांडुप. डब्यातल्या मासळीवाल्या मावशींनी विचारलं, "काय रे, जाळायला नेतोस?"

आता महागड्या झाडांबद्दल. राणीच्या बागेत महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं, तिथे बोन्सायही असतात. जरूर जा, गर्दीत धक्के खात का होईना. मुंबईत हे काम मोठं आहे. निकुंज आणि ज्योती पारेख यांचं नाव तर देशाबाहेरच्या बोन्सायवाल्यांनाही माहीत आहे. वीस वर्षं सांभाळलेल्या झाडाला कोणी तीस हजार मागितले, तर मी त्याला लुटारू म्हणणार नाही. वर्षाचे दीड हजार झाले. तेवढे तर आपण केस कापायला देतो. माझा राग पाच हजारांच्या त्या मधल्या मालावर आहे. दोन वर्षांचं रोप, तार गुंडाळून एस आकार दिलेला, तार वेळेवर न काढल्याने सालीत रुतलेली, आणि पाटी 'बारा वर्षं जुना'. त्यापेक्षा एखाद्या बोन्साय मंडळाच्या वर्गाला जा. जुन्या सभासदांच्या खिडक्या भरलेल्या असतात, ते जास्तीची झाडं स्वस्तात देतात. आणि पुढची पाच वर्षं फोनवर शिव्याही देतात. त्या शिव्यांची किंमत वेगळी धरा.

कुंड्यांसाठी धारावीचा कुंभारवाडा. पसरट ताटली सांगायची, खाली दोन मोठी भोकं. फक्त दिवाळीच्या आधी जाऊ नका, पणत्यांच्या ढिगात तुमच्याकडे कोणी बघणार नाही. जपानी कुंडी पहिली पाच वर्षं लागत नाही. मातीचंही तसंच. नर्सरीची लाल माती एकटी वापरली तर आपल्या पावसात तिचा चिखल होतो आणि ऑक्टोबरात वीट. त्यापेक्षा सरळ वीटच फोडा. चाळून भुगा टाकून द्यायचा, मसूर ते हरभऱ्याएवढे तुकडे ठेवायचे, त्यात थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत. जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या शहरात पाणी टिकवण्याची चिंता नंतर, आधी ते खाली जाऊ द्या.

खाली म्हणजे माझ्या बाबतीत तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीवर. तो विषय इथे नको, काकू माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत.

मराठीत बोन्सायला वामनवृक्ष म्हणतात. बायको म्हणते, नाव अगदी बरोबर आहे. पहिलं पाऊल खिडकीच्या ग्रिलमध्ये, दुसरं बाल्कनीत, तिसरं सोसायटीच्या गच्चीवर. आता सेक्रेटरीच्या डोक्यावर ठेव.

गच्चीवरूनच माझं सगळ्यात लाडकं झाड मिळालंय, एक पैसाही न देता. मुंबईतल्या प्रत्येक जुन्या इमारतीच्या भेगेत वड, पिंपळ, उंबर उगवलेला असतो. पक्षी फळं खातात, बी विष्ठेतून भेगेत पडतं, पावसाळ्यात रुजतं. पुढची आठ-दहा वर्षं ते मूठभर मातीवर जगतं, उन्हात भाजतं, दरवर्षी कोणीतरी ते तोडतं आणि ते पुन्हा फुटतं. बोन्सायवाले कुंडीत जे मुद्दाम घडवून आणतात, ते भिंतीने आधीच केलेलं असतं. जपानी लोक अशा झाडांसाठी डोंगर चढायचे. आपल्याला सातवा मजला पुरतो, तोही लिफ्टने.

आमच्या गच्चीच्या कठड्यावर वडाचं एक खोड होतं, मुळं भिंतीवर मेणासारखी ओघळलेली. रंगकामवाले त्यावर ॲसिड ओतणार होते. सेक्रेटरींना विचारून, जुलैच्या पावसात, छिन्नीने प्लास्टर सोडवत अर्धा दिवस घालवला. भेगेत गेलेली मुळं तोडावीच लागली. जेवढं आलं तेवढं विटेच्या तुकड्यांत लावलं, पानं काढली, महिनाभर सावलीत ठेवलं. सत्ताविसाव्या दिवशी लाल टोकाचा कोंब. आता त्याला पारंब्या सुटल्यात. ही तर आपल्या दमट हवेची मेहेरबानी. पुण्याचा एक मित्र पारंब्यांसाठी झाडाला प्लॅस्टिक गुंडाळून बसतो, आमच्याकडे जुलैत त्या आपोआप लोंबतात.

"झाडाचा छळ करता" म्हणणाऱ्यांनी ॲसिडचा कॅन आठवावा. आणि आईचं म्हणणं, घरात वड-पिंपळ असला की वाढ खुंटते. मी बावन्न वर्षांचा आहे आई, आता किती वाढणार?

एक मात्र बजावतो. रस्त्याकडेची, आरेतली, नॅशनल पार्कातली झाडं उपटायची नाहीत. शहरातल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे, आणि नसता तरी नाही.

तर मंडळी, मे महिना आलाय. ठाणे ते दादर, कोणाच्या सोसायटीत यंदा रंगकाम किंवा वॉटरप्रूफिंग निघणार असेल आणि भिंतीवर उंबर असेल, तर कमेंटमध्ये सांगा. वड माझ्याकडे आहे, पिंपळ दोन आहेत, उंबर नाही. परवानगी तुम्ही काढून ठेवा, छिन्नी-हातोडा मी आणतो. पाऊस लागल्यावरच येईन, आधी नाही.