कंपायलर ओरडतो तोवर बरं

जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या पुस्तकातले प्राणी कुणालाच नडत नाहीत. ॲनिमल क्लासमधून डॉग निघतो, भुंकतो, इन्हेरिटन्स (एका क्लासचे गुण दुसऱ्याला मिळणं) समजतो, ओरलचे मार्क पडतात. माणूस गळपटतो तो इतर ठिकाणी.

सुरुवात फाइलच्या नावापासून. पब्लिक क्लासचं नाव स्टुडंट, तर फाइल स्टुडंट डॉट जावाच हवी, पहिलं अक्षर कॅपिटल. नोटपॅड तिला मागून डॉट टीएक्सटी चिकटवतं, विंडोज ते शेपूट लपवतं, आणि कंपायलर, म्हणजे आपला कोड तपासून मशीनसाठी भाषांतर करणारा, म्हणतो, अशी फाइलच नाही. तुमच्या डोळ्यांसमोर आहे, पण त्याला काय त्याचं!

मग प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ती ओळ : पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन, कंसात स्ट्रिंगचा ॲरे. नुसतं ‘हॅलो’ छापायला एवढा सरंजाम कशाला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : पुढे कळेल. जावा १९९५ साली आली. २०२५ च्या जावा २५ मध्ये साध्या व्हॉइड मेनवर भागतं, क्लासही लिहावा लागत नाही. अभ्यासक्रमाला हे कळेल तेव्हा कळेल.

कंपायलरवर माझा राग नाही. सेमिकोलन विसरलात तर तो ओळीच्या नंबरासकट बोंबलतो. महिरपी कंस विसरलात तर फाइलच्या शेवटी बोट ठेवतो, चूक असते चाळीस ओळी वर. पण निदान बोलतो तरी. खरा घात करतात त्याच्या गप्प बसण्याच्या जागा.

इफ, कंसात मार्क ३५ पेक्षा कमी, आणि सवयीनं पुढे सेमिकोलन. सगळा वर्ग नापास! तो सेमिकोलन म्हणजे रिकामं विधान. इफचं काम तिथंच संपलं, खालचा ब्लॉक सगळ्यांसाठी चालला. ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारा तो कन्स्ट्रक्टर; कंसात काही न घेणाऱ्या कन्स्ट्रक्टरआधी चुकून व्हॉइड लिहा, तो साधी मेथड होऊन बसतो; प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव नल (म्हणजे काहीच नाही), मार्क शून्य. ८१ आणि ८२ ची सरासरी डबलमध्ये, म्हणजे दशांश ठेवणाऱ्या प्रकारात, ठेवली तरी ८१.०, कारण भागाकार आधीच इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकात, उरकलेला असतो. २.० नं भागा.

सगळ्यात बनेल ते दुहेरी बरोबर, म्हणजे ==. दोन इंटीजर ऑब्जेक्ट, दोघांत १००, उत्तर ट्रू. दोघांत १५०, उत्तर फॉल्स. ते चिन्ह किंमत बघत नाही, ऑब्जेक्ट एकच आहे का ते बघतं, आणि उणे १२८ ते १२७ पर्यंतचे आकडे जावा तयार ठेवून तेच पुन्हा पुन्हा देते. म्हणजे पेपर शंभर मार्कांचा असेपर्यंत प्रोग्रॅम निर्दोष! तिथं इक्वल्स वापरायचं, स्ट्रिंगलाही तेच.

आणि कीबोर्डवरून टाइप केलेलं वाचणारा स्कॅनर. नेक्स्टइंट रोल नंबर उचलतो, एंटर तिथंच टाकून जातो. पुढचा नेक्स्टलाइन तो एंटर गिळतो आणि नाव विचारल्यासारखं करून पुढे सटकतो. उपाय : मध्ये एक फुकटचा नेक्स्टलाइन. तो का लिहिला याची कॉमेंट मात्र टाका, नाहीतर प्रोग्रॅम ‘नीटनेटका’ करायला बसलेला मित्र पहिल्यांदा तीच ओळ उडवतो.