पितळ गंजत नाही, पण आतून झिजते: सी-कॉकविषयीच्या एका संदेशाचा प्रतिवाद

मासेमारी बंदी जवळ आली की हर्णैपासून मालवणपर्यंतच्या बोटमालकांच्या मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. त्यात चार गोष्टी ठामपणे सांगितलेल्या असतात: इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेणारा, तळातून आरपार बसवलेला उघडबंद करता येणारा व्हॉल्व्ह, म्हणजे सी-कॉक, पितळेचा असल्यामुळे बोट आहे तोवर टिकतो, पाझर आला तर आतून एपॉक्सी पुट्टी थापावी, बदलायचाच झाला तर नळसामानाच्या दुकानातला बॉल व्हॉल्व्ह चालतो, आणि हे काम एका ओहोटीत आटपते. बाहेरून मशीन लावलेल्या लहान होड्यांना सहसा हा प्रश्नच येत नाही. ज्यांचे इंजिन बोटीच्या पोटात आहे, त्यांच्यासाठी मात्र यातले पहिले विधान जिवावर बेतणारे आहे.

पितळ गंजत नाही, हा समज आपल्या घरातून आला आहे. हंडा, घागर, समई पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. पण हंड्यात विहिरीचे गोडे पाणी असते आणि सी-कॉक अहोरात्र खाऱ्या पाण्यात बुडालेला असतो. साध्या पितळी फिटिंगमध्ये सुमारे 60 टक्के तांबे आणि 40 टक्क्यांच्या आसपास जस्त असते. खारे पाणी त्यातले जस्त हळूहळू विरघळवून नेते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. आकार तोच राहतो, आटे तेच दिसतात, तांबडा गंज कुठेही आढळत नाही. गेलेली असते ती फक्त ताकद. चिंच लावून पितळेचे भांडे बराच वेळ तसेच ठेवले तर त्यावर तांबूस डाग उमटतात, ते जस्त निघून गेल्याचेच चिन्ह होय. सी-कॉकच्या बाबतीत हीच क्रिया वर्षानुवर्षे आणि खोलवर चालते. म्हणूनच ‘वरून चांगला दिसतो’ हा पुरावा मी मानत नाही. बोट वर ओढल्यावर बाहेरची फ्लँज, म्हणजे तळाला टेकलेली फिटिंगची चपटी कड, पात्याने खरवडावी. खालचा धातू पिवळा न दिसता गुलाबीसर दिसला, किंवा हलक्या हातोडीने ठोकल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर ते फिटिंग काढूनच टाकावे. पिवळा दिसला तरी आटे आतून शाबूत असल्याची खात्री त्यावरून मिळत नाही, म्हणून साध्या पितळेचे वय मोजत राहणे भाग आहे. लहान बोटींच्या अशा फिटिंगसाठी असलेल्या आयएसओ 9093 या मानकाच्या 1994 च्या आवृत्तीत गंजरोधक धातूकडून अपेक्षा होती ती 5 वर्षांच्या सेवेची, बोटीच्या आयुष्याइतकी नव्हे.

पर्याय उपलब्ध आहेत. 85 टक्के तांबे आणि कथील, शिसे व जस्त प्रत्येकी 5 टक्के असलेले गनमेटल, अल्पसे आर्सेनिक मिसळलेले जस्त-झीजरोधक पितळ, किंवा काचतंतूंनी बळकट केलेले नायलॉन यांपैकी काहीही घ्यावे. ‘मँगनीज ब्राँझ’ या नावाने मात्र फसू नये, कारण त्यातही जस्त 40 टक्क्यांच्या आसपास असते.

पुट्टीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पाण्याचा दाब बाहेरून आत असतो, त्यामुळे आतून थापलेल्या थराला तो दाब ढकलून सुटा करू पाहतो. शिवाय थराखालचा धातू झिजतच राहतो आणि आता तो दिसतही नाही. फिटिंग तुटले तर काय होते, याचा हिशेब मात्र बोट चालवणाऱ्या प्रत्येक तांडेलाने करून पाहावा. जलरेषेखाली अर्ध्या मीटरवर असलेल्या 25 मिलिमीटरच्या भोकातून मिनिटाला सुमारे 55 लिटर पाणी आत येते, म्हणजे तासाभरात तीन टनांहून अधिक. पाणी बॅटरीपर्यंत चढले की विजेचा पंपही बंद पडतो.

दुकानातला बॉल व्हॉल्व्ह स्वस्त असतो, हे खरे आहे आणि गनमेटलचा खर्च लहान मालकाला जड जातो, हेही मी नाकारत नाही. पण घराच्या पाइपवरच्या व्हॉल्व्हवर कोणी पाय देत नाही. बोटीत जाळ्याचा ढीग, बर्फाची पेटी किंवा घाईत पडलेले पाऊल नेमके तिथेच आदळते. बोटींची मानके ठरवणाऱ्या अमेरिकेच्या एबीवायसी या संस्थेचे मानक सांगते की, बसवलेल्या सी-कॉकने 500 पौंड, म्हणजे सुमारे 227 किलो भार 30 सेकंद सोसला पाहिजे. त्यात तळाच्या फिटिंगचे आटे सरळ आणि व्हॉल्व्हचे निमुळते असले तर मोजकेच आटे एकमेकांत बसतात आणि टेफ्लॉन टेप ती उणीव फक्त झाकते. रुंद बैठकीचा सी-कॉक तळाला लावलेल्या जाड ठोकळ्यावर बोल्टने आवळणे हीच योग्य रीत आहे.

राहिली ओहोटी. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास मिळतात आणि त्यातला बोट कोरडी टेकलेली असण्याचा वेळ त्याहून बराच कमी असतो. एवढ्यात जुने फिटिंग कापून काढणे, भोक साफ करून वाळवणे आणि नवे बसवणे कदाचित जमेल. पण पाण्याखाली वापरायचे पॉलियुरेथेन सीलंट पुरते घट्ट व्हायला काही दिवस लागतात. ते हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होते, म्हणून पावसाळ्यातही चालते, मात्र ज्या लाकडावर किंवा फायबरवर लावायचे ते कोरडेच हवे. यासाठी 1 जून ते 31 जुलै या बंदीची वाट पाहत बसण्यापेक्षा मे महिन्यात बोट लवकर वर घेऊन, पावसाळ्यासाठी शाकारून झाकण्याआधीच हे काम उरकावे.

बंदी उठल्यावर बोट पाण्यात लोटली की लगेच समुद्रात जाऊ नये. कॉक उघडून नटाखाली कोरडा कागद ठेवावा, फिटिंग तुटलेच तर भोकात ठोकायला कॉकपाशी त्या मापाची मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधलेली असावी, आणि तासाभराने कागद पाहावा. तो ओला असेल तर कॉक बंद करून बोट पुन्हा वर घ्यावी.